फोन बदलायचा की अजून वापरायचा? ठरवण्याआधी करायच्या तपासण्या

नवा फोन घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण ‘पंचवीस हजारांत कोणता चांगला?’ इथून सुरुवात करतात. खरं तर हा शेवटी विचारायचा प्रश्न. त्याआधी हातातल्या फोनचं नेमकं काय बिघडलंय आणि ते पैसे देऊन दुरुस्त होतं का, हे कळायला हवं. बॅटरी, स्क्रीन, चार्जिंग जॅक, भरलेलं स्टोरेज यांवर इलाज आहे. कंपनीने बंद केलेले सुरक्षा अपडेट किंवा फोनमध्ये मुळात नसलेला नेटवर्क बँड (सिग्नलची लहरपट्टी) मात्र कुठल्याही दुकानात बसवून मिळत नाही. फोन बदलण्याचं खरं कारण जवळपास नेहमी या दुसऱ्या गटात असतं. लोक मात्र पहिल्या गटातल्या त्रासाला वैतागून फोन बदलतात.

खालच्या तपासण्यांना एक निवांत संध्याकाळ पुरते. फोन, चार्जर आणि आकडे लिहायला एक कागद एवढंच लागेल.

पायरी १ : तक्रार नेमकी लिहा

‘फोन स्लो झालाय’ ही तक्रार नव्हे, नुसती चिडचिड झाली. कधी, काय करताना, किती वेळ हे लिहा. ‘सकाळी सातला शंभर टक्के असतो, दुपारी तीनला पंधरा.’ ‘किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करताना कॅमेरा उघडायला सात-आठ सेकंद लागतात.’ ‘फोटो काढला की जागा नाही असा निरोप येतो.’ ‘घरात रेंज असते, गावी नसते.’ दोन-तीन दिवस अशा नोंदी ठेवल्या की तक्रारी आपोआप वेगळ्या होतात आणि पुढची कोणती पायरी आपल्या कामाची ते कळतं. नव्या फोनचा रंग आवडलाय, हेही कारण असू शकतं. तेही लिहा, निदान नंतर स्वतःची फसवणूक होणार नाही.

पायरी २ : बॅटरी, कारण निम्म्या तक्रारी इथेच संपतात

लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते, वापरली तर लवकर होते, आणि उष्णतेत सगळ्यांत लवकर. तिचं वय ‘चार्ज सायकल’मध्ये मोजतात. एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के खर्च: आज साठ आणि उद्या चाळीस टक्के वापरलं तरी ती एकच सायकल. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवलेली असते. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० सायकलचा झाला. रोज एक सायकल धरली तर ५०० सायकल साधारण सोळा महिन्यांत होतात आणि १,००० पावणेतीन वर्षांत. म्हणजे तीन वर्षांच्या फोनची बॅटरी दमलेली असणं हा बिघाड नाही, तो ठरलेलाच हिशेब आहे.

कुठे बघायचं:

- आयफोन: सेटिंग्ज, मग बॅटरी, मग बॅटरी हेल्थ. ‘मॅक्सिमम कपॅसिटी’ हा आकडा लिहून घ्या. आयफोन १५ आणि पुढच्या फोनमध्ये सायकलची संख्याही दिसते.
- सॅमसंग: ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲप उघडा, सपोर्टमध्ये फोन डायग्नोस्टिक्स, तिथे बॅटरी स्टेटस.
- वनप्लस, ओप्पो, रिअलमी, विवो: नव्या आवृत्त्यांमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात ‘बॅटरी हेल्थ’ असतं. जुन्या आवृत्तीत सापडलं नाही तर ‘अ‍ॅक्युबॅटरी’सारखं ॲप टाका. त्याचा आकडा अंदाजी असतो आणि सात-आठ वेळा चार्जिंग झाल्याशिवाय भरवशाचा होत नाही. पहिल्याच दिवशी त्याने ६४ टक्के दाखवले म्हणून हाय खाऊ नका.

आकडा मिळाला नाही तरी लक्षणं पुरेशी बोलतात. वीस-तीस टक्के असताना फोन अचानक बंद पडतो, चार्जरला लावल्यावर लगेच पंधरा टक्क्यांनी वर उडी मारतो, कॅमेरा किंवा फ्लॅश चालू करताच बंद होतो, यांतलं काहीही होत असेल तर बॅटरी गेली. ८० टक्क्यांच्या वर असेल आणि तरीही दिवस निघत नसेल, तर दोष बहुधा एखाद्या ॲपचा. सेटिंग्जमधल्या बॅटरी वापराच्या यादीत पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा. कमी रेंजच्या ठिकाणी बसणाऱ्यांचा फोनही लवकर उतरतो, कारण टॉवर शोधताना मोडेम (सिग्नल पकडणारी चिप) जास्त जोर लावतो. तळघरातल्या ऑफिसात बसून बॅटरीला दोष देऊ नका.

दमलेली बॅटरी फोन मंदही करते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून कंपनी त्यांचा वेग मुद्दाम कमी करते. त्यानंतर अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला गेला. तेव्हा नव्या फोनची तयारी केलेल्या अनेकांचं काम नुसत्या बॅटरीवर भागलं. कारण साधं आहे: जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, प्रोसेसरने एकदम वीज मागितली की व्होल्टेज घसरतं, आणि फोनला एक तर मागणी कमी करावी लागते किंवा बंद पडावं लागतं.

बॅटरी बदलून घेताना:

१. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा दर विचारा. बऱ्याच कंपन्या सुट्या भागांचे दर संकेतस्थळावर देतात. मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनला साधारण दोन-अडीच हजारांच्या आत काम होतं, आयफोनला बरेच जास्त लागतात. मजुरी आणि १८ टक्के जीएसटी धरून एकूण किती, असं विचारा. नाही तर फोनवर सांगितलेला दर आणि हातात आलेलं बिल जुळत नाही.

२. बाहेरच्या दुकानातली बॅटरी निम्म्या किमतीत मिळते, पण वेष्टनावर छापलेले एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) आणि आत असलेले एमएएच यांचा संबंध असेलच असं नाही. सहा महिन्यांची लेखी हमी देणारा दुकानदार असेल तरच तिकडे जा. आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी टाकली की ‘अननोन पार्ट’ असा निरोप दिसतो, आणि पुढे एक्सचेंजच्या वेळी भाव पडतो.

३. फोन एकदा उघडला की पाणी अडवणारं सील पूर्वीसारखं राहत नाही. पावसाळ्यात नुसत्या खिशात फोन ठेवायची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

४. फोन दुकानात ठेवावा लागणार असेल तर सिम काढून घ्या. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो चालू केला की दुरुस्त करणाऱ्याला तुमचे फोटो आणि चॅट दिसत नाहीत. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवायची पद्धत आता बंद व्हायला हरकत नाही.

मागचं कव्हर फुगलंय, स्क्रीन कडेने उचलली गेलीय, टेबलावर ठेवला की फोन डुगडुगतो? मग ‘बदलू की थांबू’ हा प्रश्नच उरत नाही. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग त्याच क्षणी थांबवा, फोन बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर गाठा. हा प्रकार विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि डिलिव्हरी करणाऱ्यांच्या फोनमध्ये जास्त दिसतो: बाइकच्या हँडलवर ऊन, वर जीपीएस चालू, आणि पॉवर बँक जोडलेली. ॲपल आयफोनच्या वापरासाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगतं. आपल्याकडे मेमध्ये सावलीतही त्याहून जास्त असतं. असं काम असेल तर दर दीड-दोन वर्षांनी बॅटरीचा खर्च गृहीतच धरा.

पायरी ३ : जागा आणि वेग

सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. ८५ टक्क्यांच्या वर भरलं असेल तर फोन मंद होऊ शकतो. फ्लॅश मेमरीला नवी माहिती लिहायला मोकळे ब्लॉक लागतात. ते उरले नाहीत की आधी जुनी माहिती हलवा, पुसा, मग लिहा असा द्राविडी प्राणायाम सुरू होतो. स्वस्त फोनमध्ये ‘ईएमएमसी’ नावाची संथ मेमरी असते, तिथे हे फार जाणवतं. ‘यूएफएस’ मेमरीच्या फोनमध्ये कमी.

जागा करताना या क्रमाने जा: व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ असे गट तयारच मिळतात. सुप्रभातची फुलं आणि लग्नांचे व्हिडिओ काढले तरी कुटुंबाच्या फोनमधून दहा-पंधरा जीबी सहज निघतात. मग मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, नाही तर महिन्यात पुन्हा तेच. त्यानंतर गॅलरीतला ‘ट्रॅश’ रिकामा करा. काढलेले फोटो तिथे तीस दिवस जागा अडवून बसलेले असतात. शेवटी सहा महिन्यांत न उघडलेली ॲप्स काढा. ‘रॅम बूस्टर’ आणि ‘क्लीनर’ म्हणवणारी ॲप्स सगळ्यांत आधी काढा. वीस टक्के जागा मोकळी झाली की फोन बंद करून चालू करा आणि दोन दिवस वापरून बघा.

तरीही हँग होत असेल तर फॅक्टरी रीसेट (फोन पुसून नव्यासारखा करणं) हा शेवटचा आणि खरा कस. आधी फोटो आणि संपर्कांचा बॅकअप, व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा बॅकअप घ्या. अँड्रॉइडवर तो आता गुगल खात्याच्या १५ जीबीमध्येच मोजला जातो, म्हणून तिथे जागा आहे का बघा. मग गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो का याची खात्री करा. तो आठवत नसेल आणि रीसेट केलं, तर फोन तुम्हालाच आत न घेण्याची शक्यता असते. चोरीपासून संरक्षणासाठी ते कुलूप असतं. रीसेटनंतर सगळी ॲप्स एकदम परत टाकू नका. फक्त फोन, व्हॉट्सअ‍ॅप, बँक आणि यूपीआय टाकून एक दिवस बघा. एवढ्यावरही अडखळत असेल तर रॅम आणि प्रोसेसर खरंच अपुरे पडताहेत. तीन-चार जीबी रॅमचे फोन इथे नापास होतात, आणि त्यावर इलाज नाही. ‘व्हर्च्युअल रॅम’चं बटण हा इलाज नव्हे, ते संथ स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरतं.

पायरी ४ : स्क्रीन, जॅक वगैरे

चार्जिंग जॅक सैल वाटतो, केबल एका कोनात धरावी लागते: नवा फोन दूर राहिला, बहुतेक वेळा नवा जॅकही लागत नाही. फोन बंद करा, उजेडात जॅकमध्ये बघा, लाकडी टूथपिकने तळाशी दाबून बसलेला कापसाचा गोळा अलगद काढा. सुई किंवा टाचणी वापरू नका. पिना वाकल्या की खर्च खरा होतो. कोकणात आणि समुद्राजवळ खाऱ्या दमट हवेने पिना हिरवट होतात. तसं दिसलं तर चार्जिंगचा बोर्ड बदलावा लागतो, तो बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वेगळा असल्याने स्वस्तात होतो.

स्क्रीनचं गणित वेगळं. अ‍ॅमोलेड स्क्रीन हा बहुधा फोनमधला सगळ्यांत महाग भाग. कंपनीची बसवायची तर फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत खर्च जाऊ शकतो. दुकानदार ‘कॉपी फोल्डर (बिनकंपनीची स्क्रीन) टाकतो, निम्म्यात होईल’ म्हणतो तेव्हा अ‍ॅमोलेडच्या जागी अनेकदा साधी एलसीडी येते. रंग फिके पडतात, फोन किंचित जाड होतो, बॅटरी जास्त खाते आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट चालत नाही. हा शेवटचा मुद्दा पैसे दिल्यावरच कळतो.

स्क्रीनवर आपोआप हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आली असेल, फोन पडलेला नसेल, तर थेट पैसे देऊ नका. हा अ‍ॅमोलेड पॅनेलचा माहीत असलेला दोष आहे आणि काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलना वॉरंटी संपल्यावरही मोफत स्क्रीन दिली आहे. सर्व्हिस सेंटरला आपलं मॉडेल सांगून स्पष्ट विचारा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

पायरी ५ : जे दुरुस्त होत नाही

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा. अँड्रॉइड आवृत्ती आणि ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख लिहा. मग कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत आहेत ते शोधा. इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: वर्षं तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून मोजत नाहीत, मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, त्याला सात वर्षं म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंत. गॅलेक्सी एस२४ जानेवारी २०२४ चा, त्यालाही सात वर्षं, म्हणजे २०३१ ची सुरुवात. कोणी हा एस२४ दोन वर्षांनी सेलमध्ये घेतला तर त्याला पाचच मिळाली. स्वस्त फोनांत परिस्थिती मिश्र आहे: गॅलेक्सी ए१६ ५जी ला सॅमसंगने सहा वर्षं सांगितली, तर त्याच किमतीतल्या अनेक फोनना दोन अँड्रॉइड आवृत्त्या आणि तीन-चार वर्षांचे सुरक्षा अपडेट एवढंच मिळतं. आयफोनला कंपनी आधी तारीख सांगत नाही. आयओएस २६ ने २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर वगळले, २०१९ चा आयफोन ११ ठेवला, यावरून अंदाज बांधा.

अपडेट संपले म्हणजे फोन दुसऱ्या दिवशी धोकादायक झाला असं नाही. अँड्रॉइड १० पासून पुढे काही भाग गुगल प्लेमधून थेट सुधारले जातात, आणि ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेगळे अपडेट होत राहतात. पण त्यांनाही मर्यादा आहे. क्रोमने ऑगस्ट २०२५ मध्ये १३९व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड ८ आणि ९ सोडून दिलं. व्हॉट्सअ‍ॅप मे २०२५ पासून आयओएस १५.१ च्या खाली चालत नाही. बँकांची ॲप्स तर आपल्या मर्जीने किमान आवृत्ती वाढवतात आणि एका सकाळी ‘हे उपकरण समर्थित नाही’ म्हणतात.

आमचं मत असं: ज्या फोनवर यूपीआय, बँक आणि ओटीपी आहेत तो शेवटच्या सुरक्षा अपडेटनंतर सहा महिने, फार तर वर्षभर चालवावा, तेही प्ले स्टोअरबाहेरच्या एपीके (बाहेरून टाकायच्या ॲपच्या) फायलींना हात न लावता. घरी भजनं आणि क्रिकेट बघण्यापुरता फोन असेल, पैशांचं काहीच नसेल, तर बॅटरी शाबूत आहे तोवर चालू द्या.

आता नेटवर्क. ५जी नाही म्हणून चालता ४जी फोन टाकायची घाई नको. व्हिडिओ कॉल, नकाशे, यूपीआय यांना चांगलं ४जी पुरतं. मात्र तुमच्या भागात संध्याकाळी ४जी तुंबत असेल आणि तुमच्या प्लॅनमध्ये अमर्याद ५जी मिळत असेल तर फरक खरा आहे. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याआधी, २०२०-२१ मध्ये, ‘५जी’ म्हणून विकलेल्या काही फोनमध्ये एक-दोनच बँड होते. जिओचं ५जी ४जीवर न टेकता स्वतंत्र गाभ्यावर चालतं आणि ३३०० मेगाहर्ट्झबरोबर, म्हणजे एन७८ बरोबर, ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एन२८, वापरतं. भिंतींच्या आत आणि गावाबाहेर पोचतो तो हाच. फोनच्या माहितीपत्रकात एन२८ आणि एन७८ दोन्ही आहेत का बघा. बीएसएनएलवर असणाऱ्यांनी आणखी काळजी घ्यावी: त्यांचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ आणि बँड १ वर येतं. बऱ्याच जुन्या ४जी फोनमध्ये बँड २८ नाही. सह्याद्रीच्या घाटात, गडचिरोली-नंदुरबारच्या दुर्गम गावांत जिथे तोच टॉवर आहे तिथे ‘गावाला ४जी आलं, माझ्या फोनला का नाही?’ याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. हे मात्र फोन बदलायचं चोख कारण आहे.

पायरी ६ : महिन्याचा हिशेब

एकूण किंमत बघून निर्णय चुकतो, म्हणून महिन्यावर आणा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

समजा फोन तीन वर्षांचा, बॅटरी दमलेली, बाकी ठीक, सुरक्षा अपडेट अजून १४ महिने. बॅटरीला ₹२,०००. आज एक्सचेंजला ₹६,००० मिळतात, १४ महिन्यांनी ₹३,५०० मिळतील. म्हणजे थांबण्याची किंमत आणखी ₹२,५००. एकूण ₹४,५०० भागिले १४, महिन्याला सुमारे ₹३२०. त्यासमोर नवा फोन ₹२४,००० चा, चार वर्षं वापरून ₹४,००० ला गेला, तर ₹२०,००० भागिले ४८, महिन्याला सुमारे ₹४१७. थांबणं स्वस्त, पण लोक समजतात तेवढं नाही. एक्सचेंजची घसरण कोणी धरत नाही म्हणून जुना फोन फुकट चालल्यासारखा वाटतो.

आता त्याच फोनची स्क्रीनही फुटली. ₹७,००० अधिक ₹२,०००, आणि अपडेट फक्त आठ महिने. दुरुस्तीच महिन्याला ₹१,१२५ ला पडते. इथे दुरुस्ती म्हणजे भावना. नुसत्या दुरुस्तीचा (एक्सचेंजची घसरण न धरता) महिन्याचा आकडा नव्या फोनच्या आकड्याच्या पाऊणपट असेल तिथपर्यंत थांबा, त्यावर गेला की बदला. दुरुस्त केलेल्या जुन्या फोनमध्ये दुसरं काही बिघडण्याची शक्यता असते, ती धरायला एवढी फट हवी.

पायरी ७ : बदलायचं ठरलं, तर कधी?

‘थांबलं की स्वस्त होतं’ हा नियम वर्षानुवर्षं चालला. २०२५ च्या अखेरीपासून तो डोळे झाकून लावता येत नाही. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिपची मोठी मागणी ओढून घेतली, रॅम आणि स्टोरेज महागलं, आणि फोन कंपन्यांनी काही ठिकाणी किंमत वाढवली, काही ठिकाणी त्याच किमतीत मेमरी कमी दिली. स्वस्त आणि मध्यम फोनना हे जास्त लागतं, कारण त्यांच्या खर्चात मेमरीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे फोन खरंच संपला असेल आणि पुढचा सेल चार महिन्यांवर असेल, तर केवळ स्वस्ताईच्या आशेने तडफडत थांबू नका.

महिना-दीड महिना मात्र थांबता येत असेल तर वेळापत्रक कामाला येतं. ऑनलाइन मोठे सेल जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य दिनाला आणि दसरा-दिवाळीआधी. आयफोन बहुधा सप्टेंबरला येतो आणि आदल्या वर्षीच्या मूळ मॉडेलची अधिकृत किंमत सहसा दहा हजारांनी उतरते: आयफोन १५ सप्टेंबर २०२४ मध्ये ₹७९,९०० वरून ₹६९,९०० झाला, आयफोन १६ पुढच्या सप्टेंबरला तसाच. पण डोळे उघडे ठेवा. आयफोन १७ ₹८२,९०० ला २५६ जीबीपासून सुरू झाला, तर उतरलेला १६ होता १२८ जीबीचा. तेरा हजारांत दुप्पट जागा आणि एक वर्षाचे जास्तीचे अपडेट असतील तर ‘स्वस्त’ कोणता ते पुन्हा मोजावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये आयफोन पूर्ण किमतीला घेणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. सॅमसंगच्या एस मालिकेची वेळ जानेवारी-फेब्रुवारी, पिक्सेलची आता ऑगस्ट.

सेलमध्ये तीन ठिकाणी पैसे गळतात. एक्सचेंजचा दिसणारा आकडा ‘कमाल’ असतो. दारात आलेला माणूस ओरखडा, रेघ, सैल बटण दाखवून तो कमी करतो. जुन्या फोनचे बॉक्ससह फोटो आधीच काढून ठेवा आणि स्थानिक दुकानातला भाव विचारून ठेवा, म्हणजे नाही म्हणायची ताकद राहते. बँकेची ‘१० टक्के सवलत’ कमाल मर्यादेवर अडते, म्हणून टक्के वाचू नका, रुपये वाचा. आणि ‘नो-कॉस्ट’ हप्ता खरोखर शून्य खर्चाचा नसतो. ₹३०,००० चा फोन सहा हप्त्यांत घेतला, बँकेचा दर १६ टक्के धरला, तर व्याज साधारण ₹१,३५० होतं. ते सवलत म्हणून आधी वजा होतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे ₹२४३, तुम्हीच भरता. वर प्रक्रिया शुल्क ₹१९९ आणि त्यावरचा जीएसटी. एकूण पावणेपाचशे. फार नाही, पण माहीत असावं. एकरकमी पैसे भरणाऱ्याला वेगळी सूट मिळत असेल तर तीही याच्याशी ताडून बघा.

सेकंड हँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि सरकारच्या संचार साथी ॲपवर किंवा संकेतस्थळावर टाका. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ आला तर जागेवरून उठा. बिलावरचा आयएमईआय तोच आहे ना, तेही बघा.

पायरी ८ : फोन बदलण्याचा दिवस

घरभाडं, कॉलेजची फी किंवा प्रवासाचा दिवस टाळा. नव्या फोनवर यूपीआय चालू करताना त्याच सिममधून एक एसएमएस बँकेला जातो, त्यामुळे रिचार्ज संपलेला असेल तर गाडी तिथेच अडते. शिवाय पहिले २४ तास बऱ्याच बँका व्यवहारावर ₹५,००० पर्यंतची मर्यादा ठेवतात. आयफोनवर काही बँकांत ती ७२ तास राहते. शनिवारी सकाळी बदल करणं सोयीचं.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपसाठी ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप अगदी सुरुवातीच्या सेटअपमध्येच वापरावं. आयफोन एकदा सुरू करून वापरायला लागलात की जुने चॅट आणायला तो पुन्हा पुसावा लागतो. ऑथेंटिकेटर ॲपमधले लॉगिनचे कोड जुन्या फोनमधून आधी हलवा. ते व्हॉट्सअ‍ॅपबरोबर आपोआप येत नाहीत.

जुना फोन आठवडाभर तसाच ठेवा. काहीतरी राहिलेलं सापडतंच, आणि ते बहुतेक वेळा एखाद्या नातेवाइकाच्या जुन्या आवाजी निरोपात किंवा नोट्समध्ये असतं. एक्सचेंजमध्ये देणार असाल तर नव्याची डिलिव्हरी आणि जुन्याची पिकअप एकाच वेळी होते. म्हणून बॅकअप आदल्या रात्री पूर्ण हवा. देताना आधी गुगल खातं काढा, आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करा, मग फॅक्टरी रीसेट करा, आणि सिमबरोबर मेमरी कार्डही काढलंय ना ते बघा. ओळखीच्या माणसाला विकत असाल तरी आयएमईआय, तारीख आणि सही असलेली पावती करून एक प्रत स्वतःकडे ठेवा. फुगलेल्या बॅटरीचा फोन घंटागाडीत टाकू नका. दाबला गेला तर कचऱ्याच्या गाडीत आग लागते. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रावर द्या.